डहाणूची चिमणी आणि अठरा वर्षं रखडलेली एक अट

डहाणूच्या औष्णिक वीज केंद्राला केंद्र सरकारची पर्यावरण मंजुरी मिळाली ती मार्च १९८९ मध्ये. मंजुरीसोबत अटी होत्या आणि त्यांतली सर्वांत खर्चिक अट होती धुरातला गंधक काढून टाकणारी यंत्रणा बसवण्याची. वीजक्षेत्रात तिला एफजीडी म्हणतात. केंद्राचे २५० मेगावॉटचे दोन संच १९९५च्या सुमारास सुरू झाले. एफजीडी सुरू झाली २००७ मध्ये. अट कागदावर येऊन ती यंत्र होईपर्यंत अठरा वर्षं गेली, आणि त्यांतली बारा वर्षं कोळसा रोज जळत होता.

तरीही हे प्रकरण मला आशेचं वाटतं. देशातल्या बहुतेक कोळसा केंद्रांवर आजही एफजीडी नाही. डहाणूत ती उभी राहिली. ती का उभी राहिली आणि एवढा उशीर का झाला, या दोन्ही प्रश्नांची उत्तरं एकाच गोष्टीत सापडतात: अट घालणारा आणि अटीवर लक्ष ठेवणारा हे दोघे कधी आणि कसे एकत्र आले.

जागेची निवड

वीज हवी होती मुंबईच्या उपनगरांना. तिथे वीज पुरवणारी कंपनी होती बीएसईएस, आणि तिला स्वतःचं केंद्र हवं होतं. डहाणू मुंबईच्या उत्तरेला साधारण १२० किलोमीटरवर. पश्चिम रेल्वेचा मार्ग जवळून जातो, त्यामुळे कोळशाच्या वाघिणी थेट आणता येतात. संच थंड करायला खाडीचं पाणी आहे, आणि मुंबईपर्यंत २२० केव्हीच्या वाहिन्या टाकता येतात. अभियंत्याच्या नकाशावर ही जागा चांगलीच दिसते.

पण त्या नकाशावर नसलेलं बरंच काही या तालुक्यात आहे. पूर्वेला डोंगर, जंगल आणि वारली, कोकणा, मल्हार कोळी, कातकरी पाडे. मध्ये चिकूच्या वाड्या, ज्यांच्यामुळे घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पश्चिमेला खाडी, तिवरं, खाजणं आणि मच्छीमार गावं. वरोर, वाढवण, चिंचणीकडे घरोघरी चालणारा डायमेकिंगचा, म्हणजे दागिन्यांचे साचे बनवण्याचा, उद्योग. शेती, मासेमारी आणि कारागिरी एवढ्या दाटीने एकत्र नांदणारा किनारी तालुका महाराष्ट्रात शोधूनही फारसा सापडत नाही. केंद्र सरकारच्या मूल्यमापन समितीने सुरुवातीला ही जागा नापसंत केली होती. नंतर निर्णय फिरला आणि सशर्त मंजुरी आली.

इथे थोडं थांबायला हवं, कारण अशा बहुतेक प्रकल्पांत हेच घडतं. जागा योग्य की अयोग्य हा प्रश्न ‘अटी घालून योग्य’ असा सोडवला जातो. एकदा तसं झालं की प्रकल्पाचं नैतिक ओझं पूर्णपणे अटींवर येतं. अट पाळली गेली नाही, तर मंजुरीचा पायाच गेला. पण केंद्र तोवर उभं राहिलेलं असतं आणि त्याची वीज शहरातल्या घरांत पोचलेली असते.

न्यायालयात

डहाणूतल्या बागायतदारांनी आणि पर्यावरणप्रेमी रहिवाशांनी हा प्रकल्प न्यायालयात नेला. उच्च न्यायालयात त्यांना यश आलं नाही. मार्च १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही प्रकल्प थांबवायला नकार दिला. सरकारने सर्व बाजूंचा विचार केला आहे की नाही एवढंच न्यायालय बघेल, तज्ज्ञांच्या जागी बसून जागेची निवड नव्याने करणार नाही, अशी ती भूमिका होती. याचिकाकर्ते हरले. पण निकालात एक गोष्ट त्यांच्या पदरात पडली. एफजीडीची अट परिणामांचा पूर्ण विचार केल्याशिवाय शिथिल करू नये, असं न्यायालयाने सांगितलं.

त्या वाक्याचं मोल तेव्हा कितीजणांना कळलं असेल, सांगता येत नाही. ते नसतं तर पुढची सगळी लढाई उभीच राहिली नसती, असं माझं मत आहे.

तीनच महिन्यांनी, २० जून १९९१ रोजी, केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक असल्याची अधिसूचना काढली. उद्योगांची वर्गवारी झाली, घातक उद्योगांना बंदी आली, तालुक्यातल्या औद्योगिक जमिनीवर ५०० एकरांची कमाल मर्यादा आली आणि तालुक्याभोवती २५ किलोमीटरचा उद्योगमुक्त पट्टा ठरला. म्हणजे ५०० मेगावॉटचं कोळसा केंद्र मार्चमध्ये न्यायालयातून सुटलं आणि जूनमध्ये तोच तालुका नाजूक ठरला. दोन्ही निर्णय एकाच देशाच्या एकाच व्यवस्थेचे.

अधिसूचनेने काय राखलं हे पाहायचं तर शेजारी बघावं. उत्तरेला गुजरातेतलं वापी. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये केलेल्या प्रदूषित औद्योगिक क्षेत्रांच्या मोजणीत ते देशात दुसरं होतं. दक्षिणेला बोईसरजवळचं तारापूर. २०१८ च्या मोजणीत ते ९३.६९ गुणांसह देशात पहिलं. या दोन्हींच्या मधोमध डहाणू आहे, आणि तिथे अजून चिकूच्या वाड्या आहेत.

अटीला मिळालेला रखवालदार

अधिसूचना निघाली तरी ती पाळली जात नाही, ही तक्रार १९९४ मध्ये पुन्हा सर्वोच्च न्यायालयात गेली. याचिकाकर्ते होते पर्यावरणवादी बिट्टू सहगल. न्यायालयाने नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेला तालुक्याचा अभ्यास करायला सांगितलं. ३१ ऑक्टोबर १९९६ रोजी निकाल आला आणि त्यातून एक वेगळीच संस्था जन्माला आली: डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण. पर्यावरण संरक्षण कायद्याखालचे अधिकार, अध्यक्षपदी उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती, सोबत वेगवेगळ्या विषयांतले तज्ज्ञ. डिसेंबर १९९६ मध्ये प्राधिकरण स्थापन झालं आणि न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी अध्यक्ष झाले. २०१९ च्या जानेवारीत त्यांचं निधन झालं. तोवर या प्राधिकरणाचं आणि त्यांचं नाव जवळजवळ एकच झालं होतं.

एका तालुक्यासाठी कायद्याचे अधिकार असलेलं स्वतंत्र प्राधिकरण, ही गोष्ट किती दुर्मीळ आहे हे लक्षात घ्यावं लागतं. नेहमीच्या व्यवस्थेत मंजुरी देतं दिल्लीतलं मंत्रालय. देखरेख असते मंत्रालयाच्या प्रादेशिक कार्यालयाकडे आणि राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे. कंपनीने दर सहा महिन्यांनी अनुपालन अहवाल पाठवायचा. तो अहवाल कोण वाचतं, गावातला माणूस त्यावर कुणाला प्रश्न विचारतो, याला उत्तर नसतं. डहाणूत उत्तर होतं. प्राधिकरणाच्या सुनावण्या व्हायच्या आणि तिथे बागायतदार, मच्छीमार, आदिवासी संघटना, कंपनीचे अधिकारी, सगळे एका खोलीत बसायचे.

मे १९९९ मध्ये प्राधिकरणाने एफजीडी बसवण्याचा आदेश दिला. कंपनीने तो सहजी मान्य केला नाही. या वादात वीज कंपन्यांचे मुद्दे सगळीकडे तेच असतात, म्हणून ते नीट समजून घ्यावेत. एक, भारतीय कोळशात गंधक कमी. दोन, चिमणी उंच. डहाणूची सुमारे २७५ मीटर. त्यामुळे वायू दूरवर विरळ होतो आणि आसपासच्या हवेतली मोजणी मर्यादेत राहते. तीन, यंत्रणा महाग, आणि तो भार शेवटी वीज ग्राहकावर पडणार.

पहिला मुद्दा आकड्यांत तपासू. ५०० मेगावॉटचं केंद्र पूर्ण भाराने दिवसभर चाललं तर १ कोटी २० लाख युनिट वीज होते. युनिटमागे साधारण ६५० ग्रॅम कोळसा धरला तर रोज ७,८०० टन कोळसा जळतो. त्यात गंधक फक्त ०.४ टक्के धरू, म्हणजे कमीच. तरी रोज ३१ टन गंधक झाला. जळताना गंधकाच्या प्रत्येक अणूला ऑक्सिजनचे दोन अणू चिकटतात आणि वजन दुप्पट होतं. म्हणजे रोज साठ टनांच्या वर सल्फर डायऑक्साइड. केंद्र वर्षात ३०० दिवस पूर्ण भाराने चाललं असं धरलं तर वर्षाला अठरा हजार टनांच्या पुढे. हा माझा ढोबळ हिशेब आहे. कोळशाच्या प्रतीनुसार तो खालीवर होईल. पण एफजीडीविना गेलेल्या बारा वर्षांना तो लावला आणि सढळ हाताने सूट दिली, तरी दीड-दोन लाख टनांचा आकडा समोर येतो. ‘गंधक कमी’ या शब्दांत हे सगळं झाकलं गेलं होतं.

दुसरा मुद्दा चिमणीचा. उंच चिमणीने वायू नाहीसा होत नाही, फक्त दूर जातो. हवेत काही तास-दिवस राहून त्याचे सल्फेटचे अतिसूक्ष्म कण बनतात. हे कण फुप्फुसात खोलवर जातात आणि शेकडो किलोमीटर प्रवास करतात. केंद्राच्या कुंपणाजवळच्या मापकावर ते ‘सल्फर डायऑक्साइड’ म्हणून दिसत नाहीत. म्हणून फक्त जवळच्या हवेतला वायू मोजून सगळं ठीक असल्याचा निष्कर्ष काढणं चूक आहे.

तिसरा मुद्दा पैशाचा, आणि तो खरा आहे. यंत्रणेचा खर्च वीज नियामक आयोगामार्फत दरात येतो आणि युनिटमागे काही पैशांचा भार पडतो. पण तो भार ती वीज वापरणाऱ्याने उचलणं न्याय्यच आहे. इथली वीज मुंबईच्या उपनगरांत जात होती. २००० च्या दशकात ग्रामीण महाराष्ट्र रोज तासन्‌तास भारनियमन सोसत होता, तेव्हा मुंबईत दिवे जात नव्हते. धूर डहाणूचा आणि दिवा अंधेरीचा असेल, तर धूर स्वच्छ करण्याचे पैसे डहाणूच्या चिकूवाल्याने आणि कोळणीने आपल्या आरोग्यातून का भरावेत?

मधल्या काळात मालकी बदलली. २००३ मध्ये बीएसईएस रिलायन्सकडे गेली आणि पुढे रिलायन्स एनर्जी झाली. प्राधिकरणाने पाठपुरावा सोडला नाही. २००५ मध्ये कंपनीला ३०० कोटी रुपयांची बँक हमी द्यायला सांगण्यात आलं. माझ्या वाचनात या प्रकरणाचा खरा कलाटणीबिंदू हाच. तोवर अट न पाळण्याची किंमत शून्य होती. उशीर जितका जास्त, तितकी बचत जास्त. हमीने हे गणित उलटवलं. दोन वर्षांत यंत्रणा उभी राहिली. २०१८ मध्ये केंद्र अदानी समूहाकडे गेलं, तेव्हा ती यंत्रणाही सोबत गेली.

समुद्राच्या पाण्याने धुतलेला धूर

बहुतेक ठिकाणी एफजीडी चुनखडीवर चालते आणि तिच्यातून जिप्सम निघतं. डहाणूची यंत्रणा समुद्राच्या पाण्यावर चालते. समुद्राचं पाणी मुळात किंचित अल्कधर्मी असतं, त्यात बायकार्बोनेट असतात. संच थंड करून बाहेर पडणारं खारं पाणी एका उंच टाकीत वरून फवारतात आणि खालून धूर सोडतात. सल्फर डायऑक्साइड पाण्यात विरघळतो. मग त्या आम्लधर्मी झालेल्या पाण्यात आणखी समुद्राचं पाणी मिसळतात आणि जोराने हवा सोडतात, म्हणजे गंधकाचं सल्फेट होतं आणि पाण्यातला कमी झालेला प्राणवायू भरून येतो. सल्फेट समुद्रात आधीपासून भरपूर आहेच, लिटरमागे सुमारे पावणेतीन ग्रॅम. त्यामुळे पाणी नीट पूर्ववत करून सोडलं तर सल्फेटची भर फारशी जाणवत नाही. अशा यंत्रणा साधारण ९० टक्क्यांपर्यंत वायू पकडू शकतात.

इथे सावध राहायला हवं. धुरातून गेलेलं सगळंच नाहीसं होत नाही. काही भाग पाण्यात येतो. कोळशातला पारा आणि इतर जड धातू थोड्या प्रमाणात याच मार्गाने खाडीकडे जाऊ शकतात. हवा देण्याच्या टाक्या नीट चालल्या नाहीत तर आम्लधर्मी, प्राणवायू कमी असलेलं पाणी बाहेर पडतं. ते पाणी गरमही असतं. शिवाय खाडीतून पाणी ओढून घेताना माशांची अंडी आणि पिल्लं आत खेचली जातात. हवेचा प्रश्न सुटताना तो पाण्यात ढकलला जात नाही ना, हे पाहण्यासाठी खाडीतला गाळ, शिंपले आणि मासे यांची वर्षानुवर्षं तपासणी हवी, आणि तिचे आकडे मच्छीमार सोसायटीच्या भिंतीवर मराठीत लागायला हवेत. मासळी कमी झाली हे कोळी सांगतात तेव्हा त्याची कारणं अनेक असतात: ट्रॉलर, तारापूरचं सांडपाणी, बदलतं हवामान. त्यात वीज केंद्राचा वाटा किती, हे केवळ मतांनी ठरू नये.

चिकूचंही तसंच आहे. वाड्यांचं उत्पन्न घटल्याची तक्रार जुनी आहे आणि बागायतदार केंद्राकडे बोट दाखवतात. बी पोखरणारी अळी, पावसाळ्यातली फळगळ, लांबलेला पाऊस, जुनी झालेली झाडं, ही कारणंही तितकीच खरी आहेत. मी सगळा दोष चिमणीला देणार नाही. पण बारा वर्षं गंधकाचा धूर सोडणाऱ्यानेच ‘आमच्यामुळे झालं हे सिद्ध करा’ असं शेतकऱ्याला म्हणणं मला मान्य नाही. १९९६ च्या निकालामागचं सावधगिरीचं तत्त्व हेच सांगतं की पुराव्याचा भार प्रदूषण करणाऱ्यावर असतो.

राखेबद्दल थोडक्यात. वरच्याच हिशेबाने कोळशात ३० टक्के राख धरली तर रोज दोन हजार टनांहून जास्त राख निघते. विद्युत अवक्षेपक, म्हणजे ईएसपी, धुरातली बहुतेक राख पकडतात आणि ती सिमेंट व विटांसाठी जाते. बांधकामाचा जोर असलेली मुंबई जवळ असल्याने इथे राखेला गिऱ्हाईक आहे. विदर्भात ती सोय तितकी नाही. नागपूरजवळच्या कोराडी वीज केंद्राच्या, खसाळा इथल्या राख तळ्याचा बांध जुलै २०२२ च्या पावसात फुटला, तेव्हा राखेचा लोट नाल्यांतून, शेतांतून कोलार आणि कन्हान नद्यांकडे गेला. कन्हान नागपूरला पिण्याचं पाणी देते. तिथल्या गावकऱ्यांच्या तक्रारी त्याआधी कित्येक वर्षांच्या होत्या. त्या ऐकायला, बँक हमी मागायला आणि दर महिन्याला पुन्हा विचारायला तिथे प्राधिकरण नव्हतं.

आणि कार्बनचं काय? एफजीडीने कार्बन डायऑक्साइड कमी होत नाही. युनिटमागे जवळपास एक किलो या हिशेबाने या आकाराचं केंद्र वर्षाला तीस लाख टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइड सोडतं. डहाणूची अट पूर्ण झाली म्हणजे कोळसा निर्दोष झाला, असा अर्थ कुणी काढू नये.

माणसांवर उभी असलेली संस्था

प्राधिकरणाचं नुसतं कौतुक केलं तर चित्र अर्धं राहील. १९९८ मध्ये याच प्राधिकरणाने वाढवणच्या बंदराला नकार दिला होता. नाजूक तालुक्यात एवढं मोठं बंदर बसत नाही, ही त्यामागची भूमिका. पंचवीस वर्षांनी, जुलै २०२३ मध्ये, धर्माधिकारी हयात नसताना, त्याच प्राधिकरणाने वाढवण बंदराला अटींसह ना हरकत दिली. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पंतप्रधानांनी सुमारे ७६ हजार कोटींच्या या प्रकल्पाची पायाभरणी केली. मच्छीमारांचा विरोध कायम आहे. तालुका तोच, अधिसूचना तीच, आणि निर्णय उलटा. बंदराच्या समर्थकांकडे रोजगाराचे आणि व्यापाराचे मुद्दे आहेत, त्यांची चर्चा वेगळी करता येईल. मला यात दिसतं ते एवढंच की प्राधिकरणाची ताकद कायद्यात जितकी होती तितकीच खुर्चीवरच्या माणसात आणि सुनावणीला येऊन बसणाऱ्या लोकांत होती. आता बंदरालाही अटी आहेत. १९८९ मध्ये केंद्रालाही होत्या.

देशभराचं चित्र तर आणखी मागे गेलं आहे. डिसेंबर २०१५ मध्ये सरकारने कोळसा केंद्रांसाठी सल्फर डायऑक्साइडची मर्यादा प्रथमच ठरवली आणि दोन वर्षांची मुदत दिली. मुदत वाढत गेली, पुन्हा वाढली. ११ जुलै २०२५ च्या अधिसूचनेने देशातल्या सुमारे तीन चतुर्थांशांहून जास्त संचांना चिमणीच्या उंचीच्या अटीवर या मर्यादेतून मोकळं केलं. दिल्ली परिसर आणि दहा लाखांवर लोकसंख्येच्या शहरांपासून दहा किलोमीटरच्या आतल्या केंद्रांना २०२७ अखेरपर्यंत वेळ आहे. अतिप्रदूषित क्षेत्रांजवळच्या केंद्रांचा विचार एकेक करून होणार आहे. बाकीच्यांसाठी जुनाच युक्तिवाद कायदा झाला: कोळशात गंधक कमी, चिमणी उंच, हवेतली मोजणी मर्यादेत. डहाणूच्या सुनावण्यांत जो युक्तिवाद टिकला नाही, तो दिल्लीत टिकला.

डहाणूची अट २०१५ च्या नियमातून आलेली नाही. ती १९८९ च्या मंजुरीतून, १९९१ च्या निकालातून आणि १९९९ च्या आदेशातून आली आहे. म्हणून देशभराच्या सवलतीचा हवाला देऊन ही यंत्रणा बंद ठेवता येईल असं कुणी मानू नये. यंत्रणा बसवणं आणि ती चोवीस तास चालवणं यांत फरक आहे. पंप आणि पंखे चालवायला केंद्राचीच वीज लागते, आणि ती वाचवण्याचा मोह कोणत्याही व्यवस्थापनाला होऊ शकतो. डहाणूकरांनी मागावं असं माझ्या मते एकच आहे: धूर यंत्रणेला वळसा घालून थेट चिमणीत किती तास गेला, चिमणीतून बाहेर पडताना वायूचं प्रमाण किती होतं आणि खाडीत सोडलेल्या पाण्याचा सामू व तापमान किती होतं, या तीन गोष्टींचे रोजचे आकडे नगरपरिषदेत, ग्रामपंचायतींत आणि मच्छीमार सोसायट्यांत लावले जावेत. मोजणारी उपकरणं केंद्रात असतातच. फलक लावायला बँक हमीची गरज पडू नये.